यूएसबी प्रतिसाद देत नाही, तेव्हा

(मालवण परिसरातील तरुण-तरुणींसाठी झालेल्या एका संगणक कार्यशाळेतील भाषणाचा संपादित मजकूर)



एक प्रश्न विचारतो, हात वर करून उत्तर द्या. गेल्या वर्षभरात पेन ड्राइव्ह, प्रिंटर, माऊस, बोटांचे ठसे घेणारं यंत्र किंवा मोबाइलची केबल संगणकाला लावली आणि संगणकाने दखलच घेतली नाही, असं किती जणांच्या घरी झालं? म्हणजे जवळजवळ सगळ्यांच्याच. आता दुसरा प्रश्न. त्यातल्या किती जणांनी दोष नेमका कुठे आहे ते स्वतः शोधून काढलं? बरेच हात खाली गेले. आज मला या दोन प्रश्नांमधल्या अंतरावर बोलायचं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. दिवसभर कोड लिहितो. पण गावी आलो की मला कोणी कोडबद्दल विचारत नाही. "आमचो प्रिंटर जरा बघशील काय?" एवढंच विचारतात. आणि ते बरोबरच आहे, कारण आपल्या घरातली महत्त्वाची कामं आता त्या बोटभर रुंदीच्या फटीतून जातात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर दाखले स्कॅन करायला हवेत. कुवेतला किंवा दुबईला नोकरीसाठी कागद पाठवायचे तर तेच. सातबारा, निकाहनामा, गुणपत्रिका, वडिलांच्या तरुणपणीचे फोटो हे सगळं एखाद्या पेन ड्राइव्हवर असतं. ती फट बंद पडली की आपण एसटी पकडून कुडाळला किंवा कणकवलीला जातो, दिवसाची मजुरी बुडते, आणि समोरचा माणूस न बघताच म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट मारला जातो. फोटो जातात. आणि दोष दोनशे रुपयांच्या केबलमध्ये होता, हे कोणाला कळतही नाही.

ते नुकसान टाळण्यापुरतं ज्ञान शाळेतल्या मुलामुलीलाही येऊ शकतं.

चार तारा

यूएसबी येण्याआधी संगणकाच्या पाठीमागे वेगवेगळ्या आकाराची भोकं असायची. प्रिंटरचं वेगळं, माऊसचं वेगळं, कीबोर्डचं वेगळं. नवी वस्तू जोडायची तर संगणक बंद करायचा, कधी पेटी उघडून आत कार्ड बसवायचं. ही कटकट संपवण्यासाठी १९९० च्या दशकात इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली. इंटेलमध्ये या कामात पुढे होते ते अजय भट. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. यूएसबी पहिल्यांदा लावली की उलटीच का असते, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. दोन्ही बाजूंनी लागणारी पिन करायची तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असं भट यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितलं आहे.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेतून पाच व्होल्ट वीज येते, काळ्या तारेतून ती परत जाते. पांढरी आणि हिरवी या दोन तारांमधून माहिती ये-जा करते. हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे घोटाळे सुटतात. कारण बाजारात अशा स्वस्त केबल भरपूर मिळतात, ज्यांत फक्त लाल आणि काळी तार असते. अशा केबलने मोबाइल चार्ज होतो, पण संगणकाला मोबाइल दिसत नाही. मोबाइल बिघडलेला नसतो, संगणकही नसतो. बोलायला तारच नसते.

पडवीवरचा पाहुणा

एखादी वस्तू यूएसबीला लावल्यावर आत काय होतं? आपल्या घरी पाहुणा येतो तसं समजा.

पहिली पायरी विजेची. वस्तूला पाच व्होल्ट मिळतात, तिचा दिवा लागतो. पाहुणा अंगणात आला. यूएसबीच्या पिनमध्ये विजेच्या पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा थोड्या पुढे असतात, त्यामुळे वीज आधी पोहोचते.

दुसरी पायरी हाकेची. वस्तू माहितीच्या दोन तारांपैकी एका तारेवर थोडा दाब निर्माण करते. त्यावरून संगणकाला कळतं की दारात कोणीतरी आहे. पाहुणा पडवीवर आला.

तिसरी पायरी ओळखीची. संगणक विचारतो, तू कोण, तुझी कंपनी कोणती, तुला वीज किती लागते? वस्तू आपले क्रमांक सांगते आणि संगणक तिला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो. पाहुण्याला ओटीवर घेतलं.

चौथी पायरी भाषेची. त्या क्रमांकावरून संगणक योग्य ड्रायव्हर शोधतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. माऊस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह यांचे दुभाषे विंडोजमध्ये आधीच असतात. प्रिंटर आणि ठशांच्या यंत्राचे बऱ्याचदा वेगळे आणावे लागतात. दुभाषा भेटला की पाहुणा माजघरात आला, काम सुरू झालं.

तेव्हा वस्तू चालत नसेल तर विचारायचा प्रश्न एकच, पाहुणा कुठे अडला? दिवाच लागत नाही, तर अंगणात. दिवा लागतो पण संगणक आवाज करत नाही, तर पडवीवर. "यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड" असा संदेश येतो, तर ओळख पटवताना. नाव दिसतं पण काम होत नाही, तर दुभाष्यापाशी. लगेच "खराब झालं" म्हणू नका. कुठवर आलं ते बघा.

एका वेळी एकच बदल

आपण घाबरलो की सगळं एकदम करतो. केबल बदलतो, पोर्ट बदलतो, संगणक बंद-चालू करतो, ड्रायव्हर टाकतो. मग कधी कधी वस्तू चालू होते, पण कशामुळे चालू झाली ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल लिहून ठेवायचा.

क्रम सांगतो. बंद पडलेली वस्तू दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. चालली, तर पहिला पोर्ट संशयित. नाही चालली, तर चांगली चालणारी दुसरी वस्तू, उदाहरणार्थ माऊस, पहिल्या पोर्टमध्ये लावा. माऊस चालला म्हणजे पोर्ट ठीक आहे, दोष वस्तूचा, केबलचा किंवा ड्रायव्हरचा. मग केबल बदला. तरीही नाही? मग ती वस्तू दुसऱ्या संगणकाला लावा. तिथे चालली, तर तुमच्या संगणकातल्या सॉफ्टवेअरची गोष्ट आहे. तिथेही नाही चालली, तर वस्तूच गेली असण्याची शक्यता जास्त. या चार परीक्षांना दहा मिनिटं लागतात आणि एक रुपयाही लागत नाही. फक्त वस्तू लावल्यावर गरम होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर तिथेच थांबा. ती दुसऱ्याच्या संगणकाला लावायची नाही.

कीबोर्डसाठी आणखी एक युक्ती आहे. संगणक चालू करताना विंडोज सुरू होण्याआधी बायोसचा पडदा उघडा. मॉडेलप्रमाणे एफ-दोन किंवा डिलीटचं बटण दाबून तो उघडतो. कीबोर्ड तिथे चालत असेल आणि विंडोजमध्ये चालत नसेल, तर पोर्ट आणि कीबोर्ड दोन्ही धडधाकट आहेत. दोष विंडोजमध्ये शोधा.

वीज आधी बघा

यूएसबी २ च्या पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, तीही ओळख पटल्यावर. त्याआधी फक्त १००. यूएसबी ३ मध्ये, म्हणजे ज्या पोर्टच्या आतली पट्टी बऱ्याचदा निळी असते त्यात, ९०० मिळते. आता चार तोंडांचा स्वस्त हब एका पोर्टला लावला, त्यावर माऊस, पेन ड्राइव्ह, ठशांचं यंत्र आणि बाहेरची हार्ड डिस्क लावली, तर त्या ५०० चे चार वाटेकरी झाले. हार्ड डिस्क टक-टक आवाज करते आणि दिसत नाही. लोक म्हणतात डिस्क गेली. ती उपाशी असते. थेट संगणकाच्या पोर्टला लावून बघा. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावा. मागचे पोर्ट थेट मुख्य बोर्डावर असतात, पुढचे आतल्या लांब वायरीने जोडलेले असतात, आणि ती वायर सैल होते.

केबलच्या लांबीलाही मर्यादा आहे. यूएसबी २ साठी ती पाच मीटर. प्रिंटर दुसऱ्या खोलीत ठेवून दोन-तीन केबल एकमेकींना जोडल्या की माहिती वाटेतच क्षीण होते.

आता आपल्या घरांमधली खास गोष्ट. आपल्या भागात पुष्कळ घरांत आखातातून आलेला लॅपटॉप असतो. मामाने आणला, भावाने पाठवला. त्याच्या चार्जरची पिन चौकोनी, तीन दांड्यांची, इंग्लंडच्या पद्धतीची. आपल्या गोल भोकांत ती जात नाही, म्हणून आपण बाजारातला छोटा अडॉप्टर लावतो. त्यातल्या अनेकांत अर्थिंगची जोडणीच नसते. मग लॅपटॉपच्या धातूच्या भागावर हात ठेवला की मुंग्या येतात. ही गळती सहसा अगदी कमी असते, पण यूएसबीच्या काळ्या तारेवरूनही ती फिरते आणि प्रिंटरसारखी वेगळ्या सॉकेटवरची वस्तू जोडली की माहितीत अडथळे येतात. अशा वेळी चार्जर काढून, बॅटरीवर चालवून बघा. वस्तू चालली, तर ड्रायव्हर टाकत बसू नका. भारतीय तीन पिनांची वायर घ्या आणि घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आपला जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं, हे आपल्या जुन्या वायरमन मंडळींना ठाऊक आहे, आपण विसरलो.

आणखी एक सोपा उपाय. कधी कधी वीज गेल्या-आल्याच्या धक्क्याने पोर्ट अडकून बसतात. संगणक बंद करा, चार्जर किंवा वायर काढा, सगळ्या यूएसबी वस्तू काढा, चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते. मग पुन्हा जोडून चालू करा.

खारा वारा

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून संगणक दुरुस्त करणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही. आपला समुद्र. देवबाग, तारकर्ली, आचरा, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात वाऱ्याबरोबर मीठ येतं. खिडकीच्या गजांना जे होतं, तेच पोर्टच्या आतल्या पातळ पट्ट्यांना होतं. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे ती पातळी सहज ओलांडली जाते. मग पोर्टमधल्या ओल्या मिठातून पाच व्होल्टची वीज वाहते, धातू खाल्ला जातो आणि हिरवट-पांढरा थर जमतो. वीज जाते, पण माहितीची तार तुटक तुटक लागते. "आत-बाहेर केलं की चालतं" असं आपण म्हणतो ना, ते त्यामुळे. पिन घासली गेली की थर तात्पुरता निघतो.

साफ कसं करायचं? संगणक पूर्ण बंद, वायर काढलेली, शक्य असेल तर बॅटरीही काढलेली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. त्यात मऊ ब्रश बुडवून, झटकून, पोर्टच्या पट्टीवरून हलकेच फिरवायचा. केबलच्या पिनेवरूनही. अर्धा तास सुकू द्यायचं. पेट्रोल, रॉकेल, अत्तर, खोबरेल तेल यांतलं काहीही वापरायचं नाही. टाचणी घालून खरवडायचं नाही. आतली पट्टी वाकली की दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि मग खरंच बोर्ड जातो.

त्याहून सोपं म्हणजे थर जमूच न देणं. न वापरलेल्या पोर्टवर रबराची टोपणं लावा, काही रुपयांत मिळतात. पेन ड्राइव्ह, ठशांचं यंत्र, जास्तीच्या केबल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. समुद्राकडच्या खिडकीसमोर संगणक ठेवू नका. आणि पावसाळ्यात संगणक महिनाभर बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालवला तर आतल्या उष्णतेने ओल निघून जाते.

विजांचंही तसंच. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात आपल्याकडे कडकडाट होतो. ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून काढा. राऊटरचा आणि प्रिंटरचाही. राऊटरवर पडलेला दाब केबलने संगणकापर्यंत आणि तिथून यूएसबीच्या वस्तूंपर्यंत पोहोचतो. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात आपल्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावं अंधारात राहिली. अशा वेळी वीज परत येताना झटके देत येते. ती आल्या आल्या संगणक लावू नका. दिवे स्थिर होईपर्यंत थांबा.

संगणकालाच विचारा

आता तिसऱ्या आणि चौथ्या पायरीकडे. स्टार्टच्या बटणावर माऊसचं उजवं बटण दाबा, यादीत "डिव्हाइस मॅनेजर" दिसेल. ते उघडं ठेवून वस्तू लावा. यादी क्षणभर हलली तर हाक पोहोचली. काहीच हललं नाही तर अजून पहिल्या दोन पायऱ्यांतच आहात, पुन्हा केबल आणि पोर्टकडे जा.

पिवळं चिन्ह दिसलं तर त्यावर दोनदा क्लिक करून क्रमांक वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, दुभाषा आणायचा. कोड १० म्हणजे वस्तू सुरू होऊ शकली नाही. कोड ४३ म्हणजे वस्तूने चुकीचं उत्तर दिलं म्हणून विंडोजने तिला थांबवलं. कोड ४३ सोबत "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड" लिहिलेलं असेल, तर ओळख सांगतानाच बोलणं तुटलं. अशा वेळी ड्रायव्हर शोधत इंटरनेट पालथं घालण्याआधी केबल बदला.

मग पुढचं. त्या नावावर उजवं बटण दाबून "अनइन्स्टॉल डिव्हाइस" करा, वस्तू काढा, संगणक रीस्टार्ट करा, वस्तू पुन्हा लावा. विंडोज नव्याने ओळख करून घेतं. इथे एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून "शट डाऊन" केल्यावर संगणक बऱ्याचदा पूर्ण बंद होत नाही. लवकर सुरू व्हावा म्हणून तो आतली स्थिती डिस्कवर जपून ठेवतो. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर सकाळी तसाच अडकलेला उठतो. "रीस्टार्ट" केलं तर खरोखर नव्याने सुरुवात होते. म्हणून "मी बंद-चालू करून बघितलं" हे उत्तर पुरेसं नाही. रीस्टार्ट केलं का, ते सांगा.

वस्तू आधी चालते आणि दहा-पंधरा मिनिटांनी गायब होते, असं असेल तर वीज वाचवण्याची सोय तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "यूएसबी रूट हब" वर दोनदा क्लिक करा, "पॉवर मॅनेजमेंट" मध्ये "वीज वाचवण्यासाठी ही वस्तू बंद करू द्या" अशा अर्थाच्या ओळीसमोरची खूण काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" आहे, तेही बंद करून बघा.

मोबाइलच्या बाबतीत एवढंच की केबल लावल्यावर तो "फक्त चार्जिंग" या स्थितीत असतो. पडद्यावरच्या सूचनेवर बोट लावून "फाइल ट्रान्सफर" निवडा. प्रिंटर दुसऱ्या पोर्टला लावला की विंडोज कधी कधी त्याला नवा प्रिंटर समजतं, नावापुढे "कॉपी १" लावतं, आणि जुना "ऑफलाइन" दिसतो. प्रिंटर ठणठणीत असतो, फक्त प्रिंट जुन्या पत्त्यावर जात असते.

"फॉरमॅट करू का?"

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पेन ड्राइव्ह लावला, आणि विंडोज विचारतं, "वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करायची आहे. करू का?" इथे फक्त "नाही".

विंडोजला फाइलींची यादी वाचता आलेली नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. यादी फाटली म्हणजे पुस्तकं जळाली असं नाही. वाचनालयाचं रजिस्टर भिजलं तरी कपाटात पुस्तकं असतात. दुसऱ्या पोर्टला, दुसऱ्या संगणकाला लावून बघा. "डिस्क मॅनेजमेंट" उघडा. तिथे पेन ड्राइव्ह दिसतो पण त्याला अक्षर नाही, असं असेल तर अक्षर द्या, काम झालं. "रॉ" असं दिसत असेल तर त्यावर काहीही नवीन लिहू नका. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही मोफत साधनं आहेत. ती काळजीपूर्वक वापरली तर बऱ्याचदा फाइली परत मिळतात. मिळालेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर ठेवा, त्याच पेन ड्राइव्हवर नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून परत आल्यावर पेन ड्राइव्हवर फाइलींच्या जागी फक्त शॉर्टकट दिसतात, हाही नेहमीचा अनुभव. तो व्हायरस असतो. तुमच्या फाइली लपवलेल्या असतात, पुसलेल्या नाहीत. शॉर्टकटवर क्लिक करू नका, फॉरमॅट करू नका. अँटिव्हायरसने तपासा आणि लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करा. आणि रस्त्यात सापडलेला पेन ड्राइव्ह कुतूहलानेही लावू नका. २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस यूएसबी ड्राइव्हवरून पसरत होता. त्याचं लक्ष्य इराणचा अणुप्रकल्प होतं.

पेन ड्राइव्ह ही साठवण्याची जागा नाही, वाहून नेण्याची पिशवी आहे. घरातले कागद आणि फोटो किमान दोन ठिकाणी हवेत. एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि शक्य असेल तर तिसरी प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी हा सल्ला वादळानंतर द्यायचा नसतो, आधी द्यायचा असतो.

ठसा उमटत नाही, म्हणजे काय?

आमच्या ओळखीच्या एका खाला निवृत्तिवेतनावर जगतात. पेन्शनरांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ पासून "जीवन प्रमाण" ही सोय आहे, बोटाचा ठसा देऊन तो डिजिटल काढता येतो. खाला एका केंद्रात तीनदा गेल्या. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "सर्व्हर डाऊन आहे." तिसऱ्या वेळी त्यांची नात, बारावीत शिकणारी, सोबत गेली. तिने विचारलं, "यंत्राचा दिवा लागतोय का?" लागत नव्हता. यंत्र एका लांब वायरीने हबला आणि हब पुढच्या पोर्टला जोडलेला होता. तिने विनंती केली, यंत्र थेट मागे लावून बघता का? लावलं. दिवा लागला. पाच मिनिटांत दाखला निघाला. सर्व्हर तोच होता.

या यंत्राचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. आधारसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्राला ड्रायव्हरशिवाय "आरडी सर्व्हिस" नावाचा कार्यक्रम मागे चालू असावा लागतो. ठसा यंत्रातून सांकेतिक स्वरूपात पुढे जावा म्हणून ही व्यवस्था आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्र दिसतं, पिवळं चिन्ह नाही, तरी संकेतस्थळ म्हणतं "यंत्र सापडलं नाही". अशा वेळी विंडोजच्या "सर्व्हिसेस" मध्ये जाऊन ती सेवा चालू आहे का बघा, नसेल तर चालू करा.

आणि यंत्र नीट असूनही ठसा जुळत नसेल, तर माणसाला दोष देऊ नका. काजूच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बिया फोडणाऱ्या बायकांची बोटं टरफलाच्या तेलाने भाजलेली असतात. जाळी ओढणाऱ्यांच्या, मासे साफ करणाऱ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात. दुसरं बोट द्या, बोट किंचित ओलसर करून पुसा, यंत्राची काच पुसा. आधार केंद्रावर ठसे नव्याने नोंदवून घेता येतात. आणि जीवन प्रमाणसाठी नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलवर चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आहे, तिथे यूएसबीही लागत नाही. "ठसा येत नाही" हे ऐकून एखादी म्हातारी परत फिरत असेल, तर हे सांगायला तिथे कोणीतरी हवं.

कुठे थांबायचं

सगळं घरी होत नाही. पोर्ट हलत असेल, आतली पट्टी तुटली असेल, जळका वास येत असेल, तर कारागिराकडे जा. पाणी गेलेला संगणक चालू करून बघू नका. वीज काढा, बॅटरी काढा, आणि तांदळाच्या डब्यात न ठेवता लवकरात लवकर उघडून साफ करून घ्या. खाऱ्या पाण्याचं तर एक दिवसही थांबत नाही.

पण जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. एका कागदावर लिहून न्या. कोणती वस्तू, कोणता पोर्ट, कोणता कोड, काय काय बदलून बघितलं आणि काय निकाल आला. आणि स्पष्ट सांगा, "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही." चांगल्या कारागिराला असं गिऱ्हाईक आवडतं, त्याचा अर्धा वेळ वाचतो. आणि न बघता बोलणाऱ्याला कळतं की समोरच्याने आधी बघितलेलं आहे.

शेवटी एक काम देतो. आज घरी गेल्यावर तुमच्या घरातल्या प्रत्येक केबलला कागदाची पट्टी चिकटवा. "फक्त चार्जिंग" किंवा "माहिती जाते". तपासूनच लिहा. पेन ड्राइव्हवरच्या कागदांची दुसरी प्रत काढा. आणि हे करताना एकटे बसू नका. घरात संगणक बहुतेक वेळा भावाचा असतो आणि बहिणीला तो परवानगीने मिळतो, हे आपल्याला माहीत आहे. बहिणीला, आईला शेजारी बसवा, माऊस तिच्या हातात द्या, आणि पाहुणा कुठे अडला हे तिला शोधू द्या. खालांचा दाखला निघाला तो बारावीतल्या एका मुलीने "दिवा लागतोय का?" असं विचारलं म्हणून. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

आता प्रश्न विचारा. आणि ज्यांनी बिघडलेल्या वस्तू सोबत आणल्या आहेत त्यांनी पुढे या. मी हात लावणार नाही, तुम्हीच शोधायचं आहे. मी फक्त शेजारी उभा राहीन.